पॉल क्ले: सहा फलक, एक श्रवणसंच (प्रकल्प नोंदी)

5 जून 2025: आराखडा

प्रदर्शनाचा विषय पॉल क्ले (1879–1940): चित्रकार, शिक्षक आणि उत्तम व्हायोलिनवादक. सहा फलक, हेडफोनवर ऐकायचा एक संच आणि प्रेक्षकांनी स्वतः करून बघायचं एक टेबल, एवढीच व्याप्ती.

पहिल्याच दिवशी एक नियम पक्का केला. 'हे चित्र अमुक रचना ऐकून काढलं' असं कुठल्याही फलकावर लिहायचं नाही, आणि दालनात मंद पियानो सोडायचा नाही. संगीत ऐकून आलेला भाव रंगात ओतणारे चित्रकार वेगळे. क्लेने संगीतातून बांधणी उचलली: एक सूर (इथे सूर म्हणजे स्वतःची चाल गाणारा स्वतंत्र आवाज) चालू असताना दुसरा कधी येतो, दोघं आपापली चाल न सोडता एकत्र कसे राहतात, वजन कुठल्या मात्रेवर पडतं. फलक हे दाखवणार. वातावरणनिर्मिती हवी असेल तर विषय बदलावा लागेल.

हक्कांचा प्रश्न सोपा निघाला. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क राहतो. क्ले 1940 मध्ये गेला, म्हणजे त्याची चित्रं इथे केव्हाच मुक्त झाली आहेत. ध्वनिमुद्रणालाही प्रकाशनापासून 60 वर्षं, त्यामुळे 1920-30 च्या दशकांतल्या तबकड्या वापरता येतात. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून छायाचित्र उतरवताना मात्र त्या त्या संग्रहालयाच्या अटी वेगळ्या वाचाव्यात.

9 जून: फलक 1, चरित्र

मजकूर 180 शब्दांत बसवायचा आहे, म्हणून काय ठेवायचं ते आधी ठरवलं.

जन्म 18 डिसेंबर 1879, बर्नजवळ म्युन्शेनबुखझे. वडील हान्स संगीतशिक्षक, आई इडा गायनाचं शिक्षण घेतलेली. सातव्या वर्षी व्हायोलिन हातात आलं, आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास तो बर्नच्या वाद्यवृंदात वाजवत होता. 1898 मध्ये चित्रकला शिकायला म्युनिकला. आधी क्निरकडे, मग फ्रान्त्स फॉन श्टुककडे. 1906 मध्ये पियानोवादक लिली श्टुम्फशी लग्न, 1907 मध्ये मुलगा फेलिक्स. पुढची कित्येक वर्षं घर लिलीच्या पियानोच्या शिकवण्यांवर चाललं. स्वयंपाक आणि मूल क्लेकडे. हे वाक्य फलकावर राहणारच. 'झगडणारा कलावंत' या साच्यापेक्षा ते जास्त सांगतं.

एप्रिल 1914 मध्ये आउगुस्ट माके आणि लुई म्वालिए यांच्याबरोबर ट्युनिशिया. तोवर तो मुख्यतः रेषेचा माणूस होता. रंगावर पकड आल्याची नोंद तो तिथे रोजनिशीत करतो. 1921 पासून बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिक्षक, आधी वायमार आणि नंतर डेसाऊ. 1931 मध्ये ड्युसेलडॉर्फची अकादमी, 1933 मध्ये नाझींनी नोकरी घालवली, वर्षअखेर परत बर्न. 1935 पासून आजार, स्क्लेरोडर्मा (त्वचा घट्ट होत जाणारा). 29 जून 1940 रोजी लोकार्नोजवळ मुराल्तो इथे मृत्यू.

आकड्यांची एक जोडी ठळक टाइपात: 1936 मध्ये चित्रं 25, 1939 मध्ये 1253. हे आकडे मिळतात कारण क्ले 1911 पासून स्वतःच्या कामाची वही ठेवत असे. प्रत्येक चित्राला वर्ष आणि क्रमांक. शेवटच्या वर्षांतल्या जाड काळ्या रेषा आजारामुळेच आल्या असं सरसकट लिहिलं जातं. फलकावर ते घेतलेलं नाही. जाड रेषेला रचनेची कारणंही आहेत आणि ती चित्रात दिसतात.

12 जून: छपाई

सर्व प्रती मूळ मापात छापायच्या. प्रोजेक्टरवर क्ले दोन मीटर रुंद होतो आणि तिथेच खोटा पडतो. त्याची बहुतेक कामं हातात धरून बघण्याच्या आकाराची आहेत. 'फ्यूग लाल रंगात' (1921; फ्यूग म्हणजे एकच विषय एकामागून एक सुरांत पुन्हा येतो अशी रचना) 24.4 × 31.5 सेंमी. 'प्राचीन नाद' (1925) सुमारे 38 सेंमीचा चौरस. 38.1 सेंमीला 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) 4500 पिक्सेल लागतात. त्याहून लहान फाइल ताणून वापरली की चौकोनांच्या कडा मऊ होतात आणि सगळं चित्र धुक्यात गेल्यासारखं दिसतं.

कागद मॅट, 230 जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. चकचकीत कागदावर 'प्राचीन नाद'मधले गडद तपकिरी आणि हिरवे चौकोन दिव्याच्या प्रतिबिंबात मिसळून जातात, आणि हे चित्र चालतं तेच मुळी अंधारातून उजेडाकडे सरकणाऱ्या चौकोनांवर. आधी 10 सेंमीची पट्टी छापून गडद भागातले शेजारचे तीन चौकोन वेगळे ओळखू येतात का ते बघायचं. येत नसतील तर सावल्या थोड्या उचलायच्या, पूर्ण चित्र उजळायचं नाही.

'आद पार्नासुम' (1932) 100 × 126 सेंमी आहे. ते पूर्ण न छापता 30 × 40 सेंमीचा एकच तुकडा मूळ मापात.

17 जून: फलक 2, बाखचा आलेख

बाउहाउसमधल्या व्याख्यानांच्या टिपणांत क्लेने जर्मन संगीतकार बाखच्या एका तीन सुरांच्या तुकड्याचा आलेख काढला आहे. रचना व्हायोलिन आणि हार्पसिकॉर्ड (पियानोआधीचं पट्ट्यांचं वाद्य) यांच्यासाठीच्या सहाव्या सोनाटातला अडाजिओ, म्हणजे संथ भाग, बीडब्ल्यूव्ही 1019 (बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक). उभ्या अक्षावर स्वराची उंची, आडव्या अक्षावर काळ, आणि रेषेची जाडी वजनाप्रमाणे बदलती. आपल्याकडे स्वरलिपी अक्षरांत लिहितात. इथे ती थेट चित्र होते.

फलकासाठी आलेख नव्याने काढला. ए3 कागद आडवा. एक अर्धस्वर म्हणजे 5 मिमी उंची, म्हणजे तीन सप्तकांच्या 36 ओळींना 18 सेंमी. एक सोळांश (पूर्ण स्वराच्या काळाचा सोळावा भाग) म्हणजे 1 सेंमी रुंदी. दोन्ही बाजूंना समास सोडून 32 सोळांश आरामात बसतात. आखणी फिकट निळ्या पेन्सिलीने, स्वर काळ्या शाईने. ठोक्याच्या सुरुवातीला रेषा 3 मिमी, कमकुवत सोळांशावर 1 मिमी.

दोन ठिकाणी गोंधळ होतो. एक, बांधलेला स्वर (ठोका ओलांडून पुढे धरलेला) दोन तुकड्यांत काढला तर डोळ्याला तो दोनदा वाजल्यासारखा वाटतो. तो अखंडच काढायचा, जाडी फक्त मध्ये बदलायची. दोन, दोन सूर एकमेकांना छेदतात तिथे कुठला कुठे गेला ते कळत नाही. वरून जाणाऱ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना अर्धा मिलिमीटर पांढरी फट ठेवली की सुटतं. तीन सुरांना तीन रंग देण्याची सूचना आली होती, ती नको. रंग दिला की माणूस रंग बघतो, रेषांची वागणूक बघत नाही.

या फलकाखाली चार ओळींची टीप लागेल. आपल्या मैफलीत संवादिनी गायकाच्या मागून जाते. तो एकाच गाण्याचा विस्तार असतो. बाखमध्ये तिन्ही सूर बरोबरीचे, प्रत्येकाचं स्वतःचं गाणं. ज्याने कायम ख्याल ऐकला आहे त्याचा कान सवयीने सर्वांत वरचा सूर पकडतो आणि बाकीच्यांना साथ समजतो. टीपेत एवढंच सांगायचं: दुसऱ्यांदा ऐकताना सर्वांत खालची रेषा बोटाने धरा.

21 जून: फलक 3, 'फ्यूग लाल रंगात'ची थरपद्धत

या चित्रात घडा, पान, वर्तुळ, चौकोन असे आकार थोडे थोडे सरकत पुन्हा येतात. गडदातून उजळत जातात. जलरंगात उलटं जाता येत नाही, गडदावर फिकट चढत नाही. त्यामुळे कामाचा क्रम डोळ्याला दिसतो त्याच्या उलट असतो, आणि पहिल्यांदा करणारे नेमके इथेच अडकतात.

नमुना 20 × 25 सेंमी, 300 जीएसएम गुळगुळीत जलरंग कागद. सरकणारे सात आकार पेन्सिलीने. एकाच वाटीत एकच रंग: क्विनाक्रिडोन रोझ आणि थोडा बर्न्ट सिएना, एक भाग रंगाला साधारण बारा भाग पाणी. पहिला थर सगळ्या कागदावर, फक्त सर्वांत उजळ आकार सोडून. दुसरा थर तो आणि त्याच्या शेजारचा सोडून. असं करत सातव्या थराला फक्त पार्श्वभूमी उरते आणि ती आपोआप सर्वांत गडद झालेली असते. काळा रंग वेगळा लावावा लागत नाही. पार्श्वभूमी क्लेइतकी गडद हवी असेल तर शेवटच्या दोन थरांत थोडा पेन्स ग्रे.

वाटी एकदाच भरून ठेवायची, 60 मिली पुरेसं. मध्येच नवा रंग कालवला की थरांमधलं अंतर बिघडतं. पाणी उडून मिश्रण घट्ट होतं, म्हणून वाटीवर झाकण. पावसाळी हवेत एक थर नीट वाळायला 35–40 मिनिटं लागतात. वरून कोरडा वाटला तरी कागद हाताच्या पाठीला गार लागत असेल तर आत ओल आहे. ओलीवर पुढचा थर दिला की खालचा रंग उचलला जातो आणि फुलकोबीसारखे डाग उठतात. ड्रायर वापरायचा तर गार हवेवर, हातभर अंतरावरून. अलिझारिनपेक्षा क्विनाक्रिडोन घेण्याचं कारण हेच: तो कागदाला घट्ट धरतो, सात थर सहन करतो. शिवाय अलिझारिन उजेडात उडतो.

कागद आधी पाण्यात भिजवून गमटेपने लाकडी पाटावर ताणून घ्यावा. न ताणलेला कागद तिसऱ्या थराला लाटा धरतो आणि रंग खळग्यांत साचतो.

26 जून: फलक 3 ची ध्वनिजोड

फ्यूग म्हणजे काय ते सांगायला बाखचा सी मायनर फ्यूग, बीडब्ल्यूव्ही 847. तीन सूर, 31 बार (बार म्हणजे ठोक्यांचं एक आवर्तन). विषय आधी मधल्या सुरात येतो, तिसऱ्या बारला वरच्यात, सातव्या बारला खालच्यात. फलकावर तीन आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक प्रवेशाच्या जागी तोच आकार. पाचव्या-सहाव्या बारमध्ये विषय येत नाही, तिथे मोकळी जागा ठेवली आहे. ती भरून टाकण्याचा मोह टाळावा, कारण खालच्या सुराचा प्रवेश एवढा जोरकस वाटतो तो या वाट बघायला लावण्यामुळेच.

फलकावर स्पष्ट लिहिलं: ही जोड आमची आहे, क्लेची नाही.

3 जुलै: टेबल, तेलरंग-उतारा

'चिवचिव यंत्र' (1922, न्यूयॉर्कचं मोमा हे आधुनिक कलेचं संग्रहालय) ज्या पद्धतीने झालं ती पद्धत क्लेने 1919 च्या सुमारास स्वतः बसवली. पातळ कागदाला काळा तेलरंग फासायचा, रंगाची बाजू खाली करून तो कोऱ्या कागदावर ठेवायचा, त्यावर तयार रेखाटन ठेवून सुईने गिरवायचं. कार्बन पेपरचंच तत्त्व. रेषा थोडी खरखरीत, तुटक येते आणि हात टेकला तिथे काळपट धब्बे उठतात. मग वरून जलरंग. तेलाची रेषा पाणी झटकते म्हणून टिकून राहते. एकच रेखाटन पुन्हा वापरता येतं, हा व्यावहारिक फायदा.

टेबलासाठीची कृती अशी ठरली:

ए4 टिश्यूसाठी हरभऱ्याएवढा काळा तेलरंग. काचेवर रबरी रोलरने पातळ पसरवून मग टिश्यूवर. थेट ट्यूबमधून फासला तर पट्टे राहतात. फासलेला टिश्यू वर्तमानपत्रावर पालथा ठेवून एकदा हलका दाबायचा आणि तासभर तसाच सोडायचा, जादा तेल वर्तमानपत्र पितं. तपासणी: कोऱ्या कागदावर ठेवून नुसता तळहात दाबायचा. फिकट राखाडी सावली उठली तर तयार. गडद काळा ठसा उठला तर अजून ओला. काहीच उठलं नाही तर रंग संपला, पुन्हा रोलर.

गिरवायला 2 मिमीची विणकामाची सुई. शिवणाची सुई टिश्यू फाडते. रिकामं बॉलपेन चालतं, पण रेषा एकसारखी येते आणि मजा जाते.

कागदावर रेषेभोवती काही दिवसांनी पिवळट कडं उमटतं ते जादा तेलाचं. वर्तमानपत्राची पायरी गाळली की हमखास. धब्बे टाळायला हाताखाली पट्टीचा पूल घेणारे बरेच जण भेटतील. त्यांना एकदा तसं करू द्यावं आणि मग मोमातल्या चित्राची प्रत दाखवावी. क्लेच्या पक्ष्यांभोवतीची काजळी काढून टाकली तर तारेवर नुसते चार पक्षी उरतात.

काळा रंग वाळत नाही ही खरी अडचण. कार्बनचा काळा तेल खूप पितो आणि त्यात वाळण्याला मदत करणारा धातू नसतो. दमट हवेत पाच-सहा दिवस हाताला लागतो. त्यात पाचवा भाग बर्न्ट अंबर मिसळला की दोन-तीन दिवसांवर येतं, कारण अंबरमधलं मँगनीज तेल लवकर घट्ट करतं. रंग किंचित तपकिरीकडे झुकतो, चालेल. टेबलावर प्रेक्षक रेषा काढतील. जलरंग लावण्यासाठी आधी वाळवलेल्या रेषांच्या पंचवीस प्रती तयार ठेवायच्या.

या चित्राची एक ओळ फलकावर: 1937 मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांतून क्लेची शंभराहून अधिक कामं उचलली, त्यात हे बर्लिनमधून गेलं, विकलं गेलं आणि 1939 मध्ये मोमात पोचलं.

10 जुलै: फलक 4, 'आद पार्नासुम'

नावात योहान योसेफ फुक्स याच्या 1725 च्या 'ग्रादुस आद पार्नासुम' या काउंटरपॉइंटवरील (अनेक सूर एकत्र चालवण्याचं शास्त्र) ग्रंथाचा धागा आहे. चित्रात तीन गोष्टी वेगवेगळ्या गतीने चालतात: खाली मोठे रंगीत चौकोन, सावकाश, वर हजारो ठिपके, द्रुत, आणि डोंगर-दरवाजाच्या मोजक्या रेषा. कुठलाही थर दुसऱ्याला गप्प करत नाही.

नमुना 20 × 20 सेंमी, कॅनव्हास बोर्ड. मूळ तेल आणि केसीनमध्ये (दुधातल्या प्रथिनात कालवलेला रंग) आहे, इथे ॲक्रिलिक. मोठे चौकोन 5 सेंमीचे, म्हणजे सोळा, निळ्यातून नारिंगीकडे. त्यावर पांढरे ठिपके 4–5 मिमीचे, कापलेल्या खोडरबराच्या ठशाने. पांढरा ट्यूबमधला तसाच घ्यायचा. पाणी घातलं की ठिपका पसरून सपाट होतो. रात्रभर वाळू द्यायचा. नंतर प्रत्येक ठिपक्यावर पारदर्शक रंग, एक भाग रंग, आठ भाग ग्लेझिंग मीडियम (रंग पारदर्शक करणारं द्रावण). रंग ठिपक्याच्या कडेला साचतो, मधोमध पांढरा आतून चमकतो. क्लेचा उजेड असाच, खालून येतो. ओलं असताना मीडियम दुधाळ दिसतं म्हणून लोक रंग वाढवतात. वाळल्यावर ते गडद निघतं. धीर धरावा.

ठिपक्यांच्या ओळी पट्टीने आखू नयेत. हाताने मारल्यावर जी किंचित चढउतार येते तीच लय.

18 जुलै: श्रवणसंच

क्लेची आवड स्पष्ट होती: बाख आणि मोझार्ट. अठराव्या शतकात संगीताने गाठलं ते चित्रकलेला अजून गाठायचं आहे, असं तो मानत असे. तरुणपणी बर्नच्या वर्तमानपत्रासाठी त्याने संगीताची आणि नाटकांची परीक्षणं लिहिली. समकालीन संगीत त्याला अपरिचित नव्हतं. 1923 च्या बाउहाउस सप्ताहात वायमारला स्ट्राविन्स्की, हिंडेमिट, बुसोनी वाजले. पण स्वतः व्हायोलिन उचललं की तो जुन्यांकडेच वळे.

संचातला सर्वांत मोलाचा तुकडा मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी' या ऑपेरामधला (प्राग, 1787), पहिल्या अंकाच्या शेवटचा मेजवानीचा प्रसंग. रंगमंचावर तीन वाद्यवृंद एकाच वेळी तीन नाच वाजवतात: मिन्युएट 3/4, काँत्रदान्स 2/4, जर्मन नाच 3/8. मिन्युएटचे दोन बार म्हणजे काँत्रदान्सचे तीन. मिन्युएटची एक मात्रा म्हणजे जर्मन नाचाचा एक अख्खा बार. लयकारी ऐकणाऱ्याला हे लगेच कळतं आणि तो सम शोधायला लागतो. शोधू द्यावं, सापडते. बाकी सगळा संच काढला तरी हा तुकडा राहील.

सोबत बाखचा अडाजिओ आणि फ्यूग, आणि व्हायोलिनवादक ॲडॉल्फ बुशने 1929 मध्ये मुद्रित केलेली बाखचीच दुसरी पार्टिटा (एकट्या व्हायोलिनसाठी नाचांची मालिका), बीडब्ल्यूव्ही 1004. त्या तबकडीची एक बाजू चार-साडेचार मिनिटांची, म्हणून शेवटचा लांब नाच, शाकॉन, तुकड्यातुकड्यांत आहे आणि सांधे ऐकू येतात. खरखर काढणारं सॉफ्टवेअर अगदी कमी ठेवावं. जास्त केलं की खरखरीबरोबर धनुष्य (व्हायोलिनचा गज) तारेवर घासल्याचा आवाजही जातो आणि व्हायोलिन बासरीसारखं वाजू लागतं. सर्व ट्रॅकचा आवाज एका पातळीवर आणणं आवश्यक, नाहीतर 1929 नंतर आधुनिक मुद्रण कानावर आदळतं.

24 जुलै: फलक 5, भारतातला धागा

छोटा फलक. डिसेंबर 1922 मध्ये कलकत्त्यात इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टच्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांची कामं लागली, त्यांत क्लेही होता. मुंबईत वासुदेव गायतोंडे यांच्या 1950 च्या दशकाच्या सुरुवातीच्या चित्रांवर क्लेची रेषा आणि सपाट रंगांची मांडणी उघड दिसते. पुढे ते आकार सोडून देतात. प्रभाकर बरवे यांनाही क्ले जवळचा. याहून ताणायचं नाही.

1 ऑगस्ट: फलक 6, खळीचा रंग

'वीरश्रीचे धनुष्य-फटकारे' (1938, मोमा) हे ॲडॉल्फ बुशला दिलेली मानवंदना मानलं जातं. बाझलला राहणाऱ्या या व्हायोलिनवादकाने 1933 पासून जर्मनीत वाजवणं बंद केलं होतं. निळ्यावर जाड काळे उभे-आडवे फटके. धनुष्य वरखाली होतं त्याच दिशा. माध्यम खळीत कालवलेला रंग, वर्तमानपत्रावर.

खळ: 25 ग्रॅम मैदा, 200 मिली पाणी, मंद आचेवर सतत ढवळून, पारदर्शक झाली की उतरवायची. गार झाल्यावर गाळणं आवश्यक. एक गुठळी राहिली तरी फटक्यात ओरखडा उठतो. 100 मिली खळीला दोन चमचे भुकटी रंग, आधी थोड्या पाण्यात घोटून. थेट टाकलेला काजळीचा काळा खळीवर नुसता तरंगतो. पावसाळ्यात ही खळ दुसऱ्या दिवशी आंबते. लवंगेच्या तेलाचे चार-पाच थेंब घालून फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, इथे नको: रंग हिरवट होतो आणि टेबलावर लहान मुलं असणार.

वर्तमानपत्र आधी त्याच खळीने पुठ्ठ्यावर चिकटवायचं, पूर्ण वाळवायचं, आणि पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही एक कागद चिकटवायचा. नाहीतर एका बाजूने ओढून पुठ्ठा कमानीसारखा वाकतो. फटका 4 सेंमी रुंद सपाट ब्रशने, खांद्यातून, एका दमात. मनगटातून मारलेला मध्ये बारीक होतो. थर 1 मिमीपेक्षा जाड गेला तर वाळताना तडकतो. तडकू नये म्हणून 100 मिलीला अर्धा चमचा ग्लिसरीन. त्याहून जास्त घातलं तर दमट हवेत रंग चिकट राहतो आणि वर ठेवलेली प्रत उचलताना सोलून येते.

तयार नमुने फ्रेममध्ये काचेला न टेकता, मध्ये 5 मिमी पट्टी घालून. उघडण्याच्या आधी आठवडाभर उभे ठेवून मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके येतात का ते बघायचं. आले तर तो पुठ्ठा बाद, पुसून वापरायचा नाही.